डी.एड. झालं, बी.ए. झालं, आता पुढं काय? एम.ए., बी.एड. की एम.एड.? (जि.प. शिक्षिका, १५ वर्षं सेवा)

तिसरीचा_वर्ग
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चूकभूल पोटात घाला.

धुळे जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जि.प. शाळेत आहे. बारावीनंतर डी.एड., मग २०१० च्या सीईटीतून शिक्षणसेवक, तीन वर्षांनी कायम. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.ए. (मराठी) केलं, ५४ टक्के. चट्टोपाध्यायही (बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी) लागली. वय ३८, मुलगी सातवीत, मिस्टर एस.टी.त.

आता पुढं शिकायचंय. केंद्रात (आमच्या शाळांच्या गटात) विचारलं तर एक म्हणतो बी.एड. कर, दुसरा म्हणतो एम.ए. सोपं पडेल, तिसऱ्या मॅडम म्हणतात थेट एम.एड.चं बघ. आणि आमचे सहकारी गुरुजी म्हणतात, "ताई, निवडश्रेणीला (२४ वर्षांनंतरच्या वेतनश्रेणीला) अजून नऊ वर्षं आहेत, आत्ता कशाला पुस्तकं उघडता?"

पैसे वाढावेत हे आहेच, खोटं कशाला बोलू. पण नुसतं तेवढंच नाही. दिवसभर पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहित्या आणि व्हॉट्सॅपवरचे "तातडीने पाठवा" यात डोक्याला गंज चढल्यासारखं झालंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

जुनी_हजेरी
ताई, चौघांनीही तुम्हाला "कोणतं पद हवंय" हे विचारलेलं दिसत नाही. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. पदव्यांची फाईल जाडजूड आणि पद तेच, अशी माणसं भरपूर पाहिली. पदवी म्हणजे किल्ली. कुलूप कुठलं ते आधी ठरवा.

जि.प.तच राहायचं असेल तर पुढच्या पायऱ्या अशा: सहावी ते आठवीचा विषय शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी (शिक्षण). विषय शिक्षकाला पदवी पुरते, ती तुमच्याकडे आहे, भाषा गटात बसाल. मात्र पदवीधर वेतनश्रेणी त्यातल्या ३३ टक्क्यांनाच मिळते, बाकीचे काम तेच करतात आणि पगार जुनाच घेतात. हा अन्याय आहेच, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय. विस्तार अधिकारी व्हायचं तर पदवीसोबत बी.एड. लागतं.

अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर विषयातली एम.ए. (किमान ५० टक्के) आणि बी.एड., दोन्ही हवं. इथं लोक हमखास फसतात. एम.एड. म्हणजे "मास्टर" डिग्री, मग ज्युनिअर कॉलेजला चालेल असं वाटतं. नाही चालत. तिथं मराठी शिकवायला मराठीचीच एम.ए. लागते. एम.एड.चा खरा उपयोग बी.एड. कॉलेज, अध्यापक विद्यालय, डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) इथं. अध्यापक विद्यालयं तर आपल्या डोळ्यादेखत एकामागून एक बंद पडली.

आणि सगळ्यात आधी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. २०१० च्या भरतीतल्या म्हणजे तुमची झालेली नसणार. १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला असेलच. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. पाचापेक्षा कमी उरलेले नोकरीत राहतील, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही टीईटी लागणार. एम.ए.चा फॉर्म भरण्याआधी तेवढं बघा.

तिसरीचा_वर्ग
@जुनी_हजेरी, सर, २३ नोव्हेंबरला दोन्ही पेपर दिलेत. मानसशास्त्र आणि मराठीचं टेन्शन नाही, गणितात धाकधूक आहे. दीडशेपैकी नव्वद काढायचे म्हणजे चेष्टा नाही. आमच्या हॉलमध्ये एक बावन्न वर्षांचे गुरुजी होते, चष्मा पुसत पुसत ओ.एम.आर. काळं करत होते. मला तर पेपरपेक्षा त्यांचंच टेन्शन आलं होतं.

पाटीपेन्सिल
खाजगी अनुदानित शाळेतल्यांनी माझं वाचावं. जि.प.वाल्यांना हे लागू नाही.

मी माध्यमिक शाळेत डी.एड.वर लागलो, पाचवी ते सातवीला. आमच्याकडं सगळा खेळ १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतल्या अनुसूची 'फ'चा, म्हणजे ज्येष्ठतेच्या नियमांचा. पदवीधर-बी.एड. मंडळी 'क' प्रवर्गात. डी.एड.वाला नोकरीत असताना बी.ए., बी.एड. झाला की तोही 'क'त येतो, पण अर्हता मिळाल्याच्या तारखेपासून. आधीची दहा-बारा वर्षं तिथं मोजायची नाहीत.

माझं बी.एड. झालं त्या वर्षी एका पाठाचे अंतर्गत गुण कॉलेजकडून विद्यापीठात गेलेच नाहीत. निकाल राखीव. मी म्हटलं, लागेल की कधीतरी, नोकरी तर आहेच. कॉलेजात दोनदा गेलो, साहेब जागेवर नव्हते, परत आलो. चार महिन्यांनी निकाल हातात आला. त्या चार महिन्यांत संस्थेनं एक तरुण बी.एड. शिक्षक भरला. आज ज्येष्ठता यादीत तो माझ्या वर आहे, एका ओळीनं. तो मुख्याध्यापक होईल तेव्हा माझी सहा वर्षं उरलेली असतील आणि त्याची अकरा. पोरगा चांगला आहे, माझ्याच डब्यातलं लोणचं खातो, त्याच्यावर राग नाही. पण त्या काळात कॉलेजच्या पायरीवर बसून राहिलो असतो तर बरं झालं असतं.

तेव्हा निकालाचा कागद, त्यावरची तारीख आणि सेवापुस्तकातली नोंद, तिन्ही ताबडतोब करून घ्या.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडं एक जन बी.एड. "रेग्युलर" करून आला अन् शाळेच्या मस्टरवर बी रोज हजर! एकाच टायमाला दोन जागी. एजंटनं सांगतलं होतं, हजेरी मॅनेज करून देतो, तुम्ही निस्ते परीक्षेले या. पुढं कोनीतरी तक्रार टाकली, दोन्ही मस्टर एका टेबलावर आले. आता डिग्रीबी गेली अन् चौकशीबी लागली. बाई, असल्या भानगडीत पडू नोका.

रात्रपाळी
वरच्याशी १०० टक्के सहमत. सेवेत असलेल्या डी.एड. शिक्षकांसाठी दूरशिक्षणातून बी.एड. आहे ना, मुक्त विद्यापीठाचं आणि इग्नूचं. दोन वर्षं, संपर्क सत्रं, पाठ स्वतःच्या शाळेत. ते करा. पदवीला किंवा एम.ए.ला ५० टक्के लागतात. म्हणजे ज्यांना बी.ए.ला ४८ आहेत त्यांनी आधी एम.ए.त ५० पाडायचे, मग दार उघडतं. धागाकर्तीला ५४ आहेत, तिचा प्रश्न नाही. प्रवेश घेताना फक्त एन.सी.टी.ई.ची (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची) मान्यता त्या वर्षाची आहे का तेवढं बघा.

एम.एड. मात्र २०१५ पासून दोन वर्षांचं आहे आणि हजेरीचं. नोकरी करून होत नाही. अध्ययन रजा हा एक मार्ग आहे, साधारणपणे एका वेळी बारा महिने आणि सगळ्या सेवेत मिळून चोवीस. पण ती मंजूर करून घेणं हीच एक वेगळी पदवी आहे.

आता माझी गोष्ट, कारण "सेट काढा, प्राध्यापक व्हा" असं कुणीतरी इथं म्हणणारच.

मी ४१ व्या वर्षी सेट (प्राध्यापकासाठीची राज्य पात्रता परीक्षा) पास झालो, मराठीत. एम.ए. बहिःस्थ, ५७ टक्के (खुल्या प्रवर्गाला ५५ लागतात, आरक्षणात ५०). सेटला वयाची अट नाही, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पहिला पेपर ५० प्रश्नांचा १०० गुणांचा, दुसरा तुमच्या विषयाचा, १०० प्रश्न २०० गुण. पास किती जण करायचे हे बसणाऱ्यांच्या संख्येवर, साधारण सहा टक्के. दोनदा आपटलो. तिसऱ्यांदा पहाटे साडेचार ते सहा, सात महिने, स्वयंपाकघरात, कारण तिथल्याच दिव्यानं कुणाची झोप मोडत नव्हती. पहिल्या पेपरात शिक्षक लोकांना फायदा असतो. अध्यापन अभिरुची, मूल्यमापन हे आपण रोज जगतो. तिथं पुस्तक कमी आणि अनुभव जास्त लागतो.

पास झालो, पेढे वाटले. मग वरिष्ठ महाविद्यालयांच्या जाहिराती बघायला लागलो. पूर्णवेळ मान्य जागा हाताच्या बोटांवर. बाकी सगळं सी.एच.बी. तासाप्रमाणे पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी, सुट्टीत काही नाही. माझ्याबरोबर सेट झालेला एक मित्र, पीएच.डी.सुद्धा आहे, तीन कॉलेजांत मिळून तास घेतो आणि मोटारसायकलच्या पेट्रोलचा हिशेब वहीत लिहितो. जि.प.ची कायम नोकरी सोडून तिकडं जाणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. मी उठलो नाही. सर्टिफिकेट कपाटात आहे, त्याची मुदत संपत नाही एवढंच समाधान.

ज्युनिअर कॉलेजचंही तसंच. पवित्र पोर्टलवरून नव्यानं भरती, त्याआधी अभियोग्यता चाचणी, आणि नव्या माणसाची सुरुवात शिक्षणसेवक म्हणून. तीन वर्षं, महिना २०,००० मानधन. घरकर्जाचा हप्ता असलेल्या माणसानं हा हिशेब आधी मांडावा.

बाराखडी_बाई
सगळे पदांबद्दल बोलताहेत म्हणून मी दुसरं सांगते. मीही खानदेशातलीच, साक्रीपासून लांब नाही.

एम.ए. मराठी केलं तेव्हा माझ्या डोक्यात निवडश्रेणीच होती. २४ वर्षांनंतर, तीही संवर्गातल्या २० टक्के जागांपुरती, आणि त्याला अर्हता वाढवलेली लागते, म्हणून केलं. विषय निवडताना भाषाविज्ञान घेतलं, कारण त्याचं पुस्तक बारीक होतं. खरंच सांगते, दुसरं काही कारण नव्हतं.

तेव्हा माझ्याकडे दुसरी होती. पोरं अहिराणी बोलणारी. वहीत लिहायची, "माले पेन दे", "मायले सांग", "शाळाले सुट्टी शे". मी अकरा वर्षं त्या "ले"वर लाल गोल मारत आले होते. प्रत्येक वहीत दहा-बारा गोल. पोरं खोडायची, परत तेच लिहायची. मी म्हणायची, यांच्या डोक्यात शिरतच नाही.

एका रविवारी विभक्तीचं प्रकरण वाचत होते. शेजारी तपासायच्या वह्या पडलेल्या. वाचता वाचता नजर वहीवर गेली आणि एकदम दिसलं की पोरं कुठंच चुकत नाहीत. माले, तुले, मायले, शाळाले, बैलले. जिथं जिथं प्रमाण मराठीत "ला", तिथं तिथं बरोब्बर "ले". एकाही पोरानं "ले" भलत्या जागी लावला नव्हता. म्हणजे नियम पाठ होता, तो वेगळ्या भाषेचा नियम होता. अकरा वर्षं मी बरोबर उत्तराला लाल गोल देत होते.

सोमवारी फळ्यावर दोन रकाने केले. डावीकडे "घरनी बोली", उजवीकडे "पुस्तकाची भाषा". माले - मला. मायले - आईला. पोरं उड्या मारत सांगायला लागली. एकानं विचारलं, "मॅडम, 'शे' ना काय?" आहे, म्हटलं. तो म्हणाला, "मंग 'नही शे' म्हणजे 'नाही आहे'?" आणि मग 'नाही' एकटंच का येतं यावर माझीच पंचाईत झाली.

महिना-दीड महिन्यात "ले" उजव्या रकान्यातून जवळजवळ गेला. डाव्यातला तसाच राहिला, राहायलाच हवा.

पगारात अजून एक रुपया वाढलेला नाही हेही सांगून टाकते.

वऱ्हाडी_ठेचा
@बाराखडी_बाई, आमच्या इकडं बी "मले, तुले"च आहे न जी. लहानपनी मायावर बी लाल गोल पडले भरपूर. आता समजलं कोनाची चूक होती 😄

हडसनकाठची
मी न्यूयॉर्क राज्यातल्या सरकारी शाळेत शिकवते, मूळची सांगलीची. इथली पद्धत थोडक्यात सांगते, तुलना म्हणून.

इथं सुरुवातीचं प्रमाणपत्र पदवीवर मिळतं, पण कायमसाठीचं प्रोफेशनल प्रमाणपत्र हवं असेल तर साधारण पाच वर्षांत मास्टर्स करावंच लागतं. ते ऐच्छिक नाही. पगाराचा तक्ता उघड असतो. उभ्या ओळीत सेवेची वर्षं, आडव्या रकान्यांत पदवी, मास्टर्स, मास्टर्स अधिक तीस क्रेडिट असं काहीसं. रकाना बदलला की पगार बदलतो, कुणाच्या ज्येष्ठतेची वाट बघायची नाही. जागांची २० टक्के, ३३ टक्के मर्यादाही नाही.

ऐकायला छान वाटतं ना? पण फी स्वतःच्या खिशातून. माझ्या शेजारच्या वर्गातली मुलगी नोकरी लागल्यापासून कर्जच फेडतेय. मुक्त विद्यापीठाची फी मी तिला डॉलरमध्ये सांगितली तेव्हा तिनं मला दोनदा विचारलं की वर्षाची की महिन्याची.

पाटीपेन्सिल
@हडसनकाठची, तो तक्ता आमच्या संस्थेच्या कार्यालयात लावायला पाठवा. अध्यक्ष फ्रेम करून घेतील, रकाने सोडून 😄

सह्याद्रीकर
एक शंका. एम.ए. आणि बी.एड. एकाच वेळी केलं तर? यू.जी.सी.नं २०२२ पासून दोन पदव्या एकत्र करायला परवानगी दिली ना?

रात्रपाळी
@सह्याद्रीकर, दिलीय, एप्रिल २०२२ पासून. पण बी.एड. व्यावसायिक अभ्यासक्रम, त्याला एन.सी.टी.ई.चे नियम. आणि कागदावर बसलं तरी उद्या सेवापुस्तकात नोंद करताना बसलेला बाबू काय शेरा मारेल याची खात्री नाही. दोन वर्षं वाचवायला जाऊन दहा वर्षं खुलासे लिहीत बसाल. एकामागून एक करा.

जुनी_हजेरी
बरोबर. आणि ज्यांना पीएच.डी.ची हौस आहे त्यांच्यासाठी: २०२२ च्या नियमांत नोकरदाराला अर्धवेळ पीएच.डी. करता येते, कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, कमीत कमी तीन वर्षं, नेहमीची मुदत सहा. एम.फिल. त्याच नियमांनी बंद झालं, त्याच्या जाहिराती कुणी दाखवल्या तर चार हात लांब राहा. शालेय शिक्षकाला पीएच.डी.नं नावाआधी डॉ. लागतं, जि.प.त पगार फारसा हलत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तरी केली, पासष्ट आदिवासी पाड्यांवरच्या शाळा फिरून. मी विचारलं कशासाठी, तर म्हणाल्या, "एवढी वर्षं वरून परिपत्रकं आली, एकदा खालून वर काहीतरी पाठवावं म्हटलं."

तिसरीचा_वर्ग
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समोर बसून सांगितलं नसतं.

दोन दिवस विचार केला, मिस्टरांशीही बोलले. ज्युनिअर कॉलेज नको, परत शिक्षणसेवक व्हायची ताकद नाही. सेटचं आत्ता डोक्यात घेत नाही. विस्तार अधिकारी या पदाचा मी कधी विचारच केला नव्हता, पण आमच्या बीटला (विस्तार अधिकाऱ्याच्या हद्दीत) आजवर एकही बाई त्या खुर्चीत पाहिलेली नाही, त्यामुळे ते मनात बसलंय. म्हणजे आधी बी.एड., दूरशिक्षणातून. नंतर एम.ए. मराठी, निवडश्रेणीच्या आत आरामात होईल. टीईटी लागली नाही तर पुढच्या वेळी परत, तोवर मुलीच्या सातवीच्या गणितावर दोघी मिळून बसतो आहोत. तिला मजा वाटतेय, आईला चुका दाखवायला मिळतात.

@बाराखडी_बाई, तुमचा प्रतिसाद वाचून तिसरीच्या वह्या काढल्या. एकोणीस "ले" सापडले. सगळे बरोबर जागी. लाल पेन बाजूला ठेवलंय. आणि भाषाविज्ञानाच्या त्या बारीक पुस्तकाचं नाव व्यनि (वैयक्तिक निरोप) करा ना, एम.ए.ची वाट कशाला बघू.

उद्या पूर्वपरवानगीचा अर्ज देते.

जुनी_हजेरी
छान. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत द्या, थेट नको. तीन प्रती. अभ्यासक्रमाचं नाव, विद्यापीठ, कालावधी आणि "शालेय कामकाजावर परिणाम होणार नाही" हे वाक्य. तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय पंचायत समितीच्या बाहेर पडू नका. प्रवेश आधी आणि परवानगी नंतर असं झालं की सेवापुस्तकात नोंद करताना अडवतात.

पाटीपेन्सिल
आवक क्रमांकाला माझं +१. पायरीवर बसायची वेळ आली तर बसा.

तिसरीचा_वर्ग
अपडेट: बसले. आवकवाले भाऊ जेवायला गेले होते, पावणेतीनला आले. तोवर पायरीवर बसून टीईटीच्या गणिताची चार उदाहरणं सोडवली, तीन बरोबर आली. पोच मिळाली, शिक्का जरा पुसट उमटलाय म्हणून दुसऱ्यांदा मारून घेतला. भाऊंनी विचारलं, "मॅडम, एवढी काय घाई?" मी म्हटलं, घाई नाही, तारीख दिसायला पाहिजे.